‘काही नाही’ आणि ‘माहीत नाही’

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझा धंदा संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याचा. गेली वीस-बावीस वर्षं तेच करतो आहे. या धंद्यातली माणसं सहसा रेडिओवर बोलायला येत नाहीत. काम नीट चाललं तर त्यात सांगण्यासारखं काही नसतं, आणि बिघडलं तर सांगायची लाज वाटते. आज मी बिघडलेल्याच कामाची गोष्ट सांगणार आहे. चूक माझीच होती, त्यामुळे कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

गोष्ट २०१९ सालच्या ऑगस्टमधली. कृष्णा आणि पंचगंगा पात्राबाहेर पडल्या होत्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या आठवड्यात पाणी तिथं ५७ फुटांच्या वर गेलं. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणारा महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. माझं आजोळ शिरोळ तालुक्यातलं, दोन्ही नद्यांच्या कचाट्यात सापडलेलं. रात्री मामेभावाचा फोन आला, “दादा, पाणी वाढाय लागलंय. आम्ही शाळंच्या माडीवर आलोय. तुमच्याकडं काय कळतंय का?”

मी पुण्यात. मला काय कळणार? पण एक गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती. गावात अडकलेली माणसं आणि त्यांचे मुंबई-पुण्यातले नातेवाईक समाजमाध्यमांवर मदतीची हाक देत होते. ‘अमुक गल्लीत चार माणसं आहेत’, ‘बाळासाठी दूध हवंय’, ‘होडी पाठवा’. हे संदेश विखुरलेले होते. एकच संदेश पन्नास जण पुढे ढकलत होते आणि खरी नवी हाक त्या गर्दीत बुडत होती. मनात आलं, गावांची नावं घालून हे संदेश शोधावेत, दुबार आलेले काढून टाकावेत आणि गाववार यादी करावी. ओळखीचे सहाजण फोनवर बसायला तयार होते. ते यादीतल्या माणसाला फोन करून खात्री करणार आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला कळवणार. प्रोग्रॅम लिहायला आम्ही तिघं होतो. मी, कचेरीतली एक सहकारी, आणि नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला एक मुलगा.

आता माणसानं वाचायचं तर पडदा उघडून वाचता येतं. प्रोग्रॅमनं वाचायचं तर त्याच्यासाठी या माध्यमांनी वेगळी खिडकी ठेवलेली असते. तिला ‘एपीआय’ म्हणतात. रेल्वे स्टेशनवर जशी आरक्षणाची खिडकी, तशीच ही. ठरलेल्या नमुन्यात अर्ज आत सरकवायचा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर बाहेर येतं. मात्र या खिडकीला दोन नियम असतात. पहिला, तुम्ही कोण ते सिद्ध करा. दुसरा, ठरलेल्या वेळात ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त अर्ज देऊ नका. त्या रात्री आम्ही दोन्ही नियमांवर आपटलो. त्या माध्यमाचं नाव इथं घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता.

आधी पहिल्या नियमाचं सांगतो. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. ट्विटरचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा इतिहास सगळ्यांसमोर आहे. ट्विटरनं २००६ मध्ये अशी खिडकी उघडली. त्यावर इतरांनी तऱ्हेतऱ्हेच्या सोयी उभ्या केल्या. पण सुरुवातीला या सोयी वापरायच्या तर तुमचं नाव आणि पासवर्ड त्या परक्या माणसाच्या हवाली करावा लागे. म्हणजे घरातल्या कुंडीला पाणी घालायला सांगितलं आणि त्यासाठी तिजोरीसकट सगळ्या घराची किल्ली देऊन टाकली. त्या माणसाला काढून टाकायचं तर सगळी कुलुपं बदलायची, म्हणजे पासवर्ड बदलायचा. आणि पासवर्ड बदलला की बाकीच्या प्रामाणिक माणसांचंही काम बंद.

यावर २००७ मध्ये काही मंडळींनी मिळून एक तोडगा काढला. त्याचं नाव ‘ओऑथ’. आपल्याकडे वकील ज्याला खास मुखत्यारपत्र म्हणतात ना, तसाच हा प्रकार. ‘अमुक इसमाला माझ्या वतीनं एवढंच काम करण्याचा अधिकार देत आहे.’ किल्ली तुमच्याकडेच राहते. पत्र एकेकाला वेगळं, आणि वाटेल तेव्हा एकाचंच रद्द करता येतं. या पहिल्या नमुन्यातही भोक निघालं, ते २००९ च्या एप्रिलमध्ये. अर्ज चोरानं भरायचा आणि मंजुरीची सही भोळ्या माणसाकडून घ्यायची, असं करता येत होतं. जूनपर्यंत सुधारलेला नमुना आला. पुढे ३१ ऑगस्ट २०१० ला ट्विटरनं पासवर्ड घेऊन चालणारी जुनी पद्धत बंद केली. त्या दिवशी ज्यांनी आपले प्रोग्रॅम बदलले नव्हते, ते सगळे खिडकीसमोर मुके झाले.

या नव्या पद्धतीत प्रत्येक अर्जावर सही लागते. ही सही शाईची नसते, ती गणितानं काढलेली असते. तुम्ही चेक लिहिता तेव्हा काय काय लागतं ते आठवा. चेकवर नंबर असतो, तो एकदाच चालतो. तारीख असते. पुढची तारीख घातली तर बँक आज पैसे देत नाही, आणि फार जुनी असली तरी देत नाही. रक्कम असते, तीत खाडाखोड चालत नाही. आणि खाली सही. या अर्जातही तसंच असतं. एकदाच वापरायचा आकडा, वेळ, मागणीचा मजकूर, आणि या सगळ्यांवरून काढलेली सही. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. वेळ अशासाठी, की कुणी वाटेत अर्जाची नक्कल मिळवलीच, तर ती त्याला नंतर वापरता येऊ नये.

आता आमच्या त्या रात्रीकडे येतो. सहकारीच्या घरी प्रोग्रॅम चालू झाला. मुलाच्या घरीही चालू झाला. माझ्या घरी मात्र खिडकीतून एकच उत्तर येई, ४०१. या आकड्याचा अर्थ, ‘तुमची ओळख पटत नाही.’ प्रोग्रॅम तोच, किल्ली तीच. मी किल्ली पुन्हा टाईप केली. पुन्हा ४०१. म्हटलं, किल्लीच खराब असणार. म्हणून नवी किल्ली मागून घेतली. नवी किल्ली निघाली की जुनी रद्द होते, हे घाईत विसरलो. झालं, त्या दोघांचंही चालू असलेलं काम बंद पडलं. त्यांना नवी किल्ली दिली, त्यांचं पुन्हा सुरू झालं. माझं तसंच.

दोन तास गेले. शेवटी सहकारी म्हणाली, “दादा, तुम्ही नुसता आकडा बघताय. आकड्याच्या खाली काय लिहिलंय ते वाचा की.” मी लिहिलेला प्रोग्रॅम उत्तरातला फक्त आकडा दाखवायचा, बाकीचा मजकूर फेकून द्यायचा. तो मजकूर छापून बघितला. त्यात सरळ लिहिलं होतं, की अर्जावरची वेळ ग्राह्य मर्यादेच्या बाहेर आहे.

वेळ! माझा तो संगणक जुना, कित्येक महिने बंद ठेवलेला. त्याच्या पोटातली बटणासारखी बॅटरी संपली होती. इंटरनेटवरून आपोआप वेळ जुळवून घ्यायची सोय मीच कधीतरी बंद केली होती. त्या संध्याकाळी यंत्र सुरू केल्यावर मी घड्याळ हातानं लावलं होतं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. आणि आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ, बऱ्याच मराठी घरांत असतं तसं, मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं. गाडी चुकू नये म्हणून! माझ्या प्रत्येक अर्जावर दहा मिनिटं पुढची वेळ पडत होती. खिडकीतला माणूस दोन तास मला सांगत होता की तुमच्या चेकवरची तारीख चुकली आहे, आणि मी सही गिरवत बसलो होतो.

श्रोतेहो, हसू येतं खरं. पण त्या दोन तासांत पाणी चढत होतं.

आता दुसरा नियम, मर्यादेचा. तो समजायला मला माझ्या आजोळचीच आठवण उपयोगी पडते. नदीवरच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं पाणी आमच्या उसाला पाळीनं मिळायचं. पाळी कधी रात्री दोनलाही यायची. आजोबा कंदील घेऊन दारं धरायला जायचे आणि सुटीत मी त्यांच्यामागं. मी विचारायचो, “पाणी तर पाटात आहे, मग आपण रोज का नाही घ्यायचं?” ते म्हणायचे, “नदीत पाणी हाय रं, पण पाटात मावंल तेवढंच येतंय. एकानं दार उघडंच ठेवलं तर शेवटच्याचं रान वाळतंय.” मर्यादा म्हणजे कंजूषपणा नव्हे. पाट एकच आहे आणि त्यावर रानं पुष्कळ आहेत, एवढाच तिचा अर्थ.

समाजमाध्यमांच्या खिडक्यांवरही अशीच पाळी असते. ट्विटरवर एकेकाळी ओळख न देता तासाला १५० अर्ज चालत, मुखत्यारपत्र दाखवलं तर ३५०. २०१३ च्या जूनमध्ये जुनी खिडकी बंद झाली. नव्या खिडकीत ओळखीशिवाय कुणालाच प्रवेश नव्हता, आणि मोजणी तासाऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांची झाली. शोध घेण्याच्या अर्जांना एका माणसामागे पंधरा मिनिटांत १८०, तर एखाद्याच्या अनुयायांची यादी मागण्याच्या अर्जांना फक्त १५. जे काम जड, त्याची पाळी लहान.

मर्यादा ओलांडली तर उत्तर काय द्यायचं, हेही सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. ट्विटरनं आपल्यापुरता ४२० हा आकडा काढला होता. त्यासोबत ‘जरा शांत व्हा’ अशा अर्थाचं एक वाक्य यायचं. ते वाक्य १९९३ च्या एका हॉलिवूडपटातून उचललेलं. आपल्याकडे ४२० म्हटलं की जुन्या दंडविधानातलं फसवणुकीचं कलम आठवतं. त्यामुळे हे उत्तर पहिल्यांदा पाहणाऱ्या इथल्या प्रोग्रॅमरांना आपण काय गुन्हा केला असा प्रश्न पडला असेल तर नवल नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये सगळ्या इंटरनेटसाठी ४२९ हा आकडा ठरला. अर्थ, ‘फार अर्ज झाले’. त्यासोबत ‘किती वेळानं या’ हेही सांगता येतं.

त्या रात्री साडेबारापर्यंत आमचं काम झकास चालू होतं. यादीत नावं येत होती, फोन होत होते. तिघांच्या संगणकांवर मिळून काम दुप्पट-तिप्पट वेगानं होईल, अशी आमची समजूत. आम्ही चाळीस गावांची नावं घेतली होती आणि दर मिनिटाला प्रत्येक गावासाठी वेगळा अर्ज देत होतो. आता हिशेब करा. चाळीस गावं गुणिले पंधरा मिनिटं, म्हणजे सहाशे. तीन संगणक, म्हणजे अठराशे. आणि पाळी यंत्रागणिक नसते, किल्लीगणिक असते. आमची किल्ली एकच होती. एकाच सात-बाऱ्यावर तीन भावांनी तीन पाळ्या मागाव्यात, तसं झालं. सुरुवातीला नावं कमी होती म्हणून निभावलं. गावं वाढवत गेलो आणि मध्यरात्रीनंतर मर्यादा ओलांडली. ४२९ येऊ लागलं.

यापुढची चूक मोठी होती. उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा मागायचं, असं मी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं. एरवी इंटरनेटच्या किरकोळ खोळंब्याला हा उपाय चालतो. पण इथं खिडकीतला माणूस ‘थांबा’ म्हणत होता आणि माझा प्रोग्रॅम सेकंदाला पाच वेळा दार ठोठावत होता. तिकडच्या यंत्रणेला वाटलं असणार की हा कुणीतरी उपद्रवी आहे. तिनं आमची किल्ली काही काळापुरती बाजूला ठेवली. त्यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दारावर तसा धिंगाणा घालणाऱ्या माणसाला मीही आत घेतला नसता.

आणि सगळ्यांत मोठी चूक अजून सांगायची आहे. प्रोग्रॅम उत्तर मिळवू शकला नाही, तर तो काय करायचा? रिकामी यादी द्यायचा. पडद्यावर अक्षरं यायची, ‘नवीन संदेश: ०’.

रात्री पावणेदोन ते पावणेतीन हा एक तास आमच्या पडद्यावर शून्य होतं. आम्हाला काय वाटलं ठाऊक आहे? बरं झालं, पाऊस ओसरला असेल. लोक सुरक्षित जागी पोचले असतील, झोपले असतील. फोनवरच्या सहाजणांना आम्ही चहा घ्यायला सांगितलं. मीसुद्धा जरा टेकलो. तो मुलगा तेवढा अस्वस्थ होता. तो म्हणाला, “सर, सगळी चाळीस गावं एकदम कशी झोपतील?” त्यानं आपल्या मोबाईलवर साधा शोध घेतला. संदेशांचा पूर वाहतच होता. आमची खिडकी तेवढी बंद होती.

मुलानं सुचवलं, “सर, पाच-सहा खोटी खाती काढू, प्रत्येकाची वेगळी किल्ली घेऊ. पाळी सहापट होईल.” कबूल करतो, क्षणभर मोह झाला. कारण चांगलं होतं, नियम आडवा येत होता. पण आजोबांचा पाट आठवला. रात्री दुसऱ्याच्या पाळीत दार फोडणारा माणूसही आपलं रान वाळतंय असंच म्हणत असतो. शिवाय त्या रात्री त्या खिडकीवर आमच्यासारखे मदत करणारे आणखीही असणार होते. खोटी खाती पकडली गेली असती तर आमची खरी किल्लीही कायमची गेली असती.

मग आम्ही जे आधी करायला हवं होतं ते केलं. चाळीस गावांसाठी चाळीस अर्ज देण्याऐवजी दहा-दहा नावं ‘किंवा’नं जोडून चारच अर्ज केले. प्रत्येक वेळी सगळं मागण्याऐवजी ‘मागच्या वेळी जिथवर वाचलं त्यापुढचं द्या’ असं म्हणू लागलो. तीन यंत्रांनी मागण्याऐवजी एकानं मागायचं आणि इतर दोघांना वाटायचं, असं ठरवलं. पंधरा मिनिटांतल्या अठराशे अर्जांचे साठ झाले! आणि खिडकी प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर जे लिहीत होती ते वाचू लागलो. तुमची पाळी किती, त्यातली शिल्लक किती, पुन्हा कधी भरेल. हे तिन्ही आकडे पहिल्या अर्जापासून येत होते. आम्ही ते वाचले नव्हते. तरीही नकार आलाच तर थांबायचं. एक मिनिट, मग दोन, मग चार. पूर्वी माझा प्रोग्रॅम नकारानंतर वेग वाढवत होता, आता कमी करू लागला.

किल्ली परत चालू झाली आणि अडलेल्या तासाचे संदेश धडाधड यादीत आले. त्यात एक संदेश होता, १ वाजून ५२ मिनिटांचा. मुंबईतल्या एका मुलीचा. आई-वडील गावात, घरात पाणी शिरलंय, वडिलांचं इन्सुलिन भिजलंय, फोन लागत नाही. आमच्या यादीत तो आला तेव्हा तीन वाजायला आले होते. आमच्यातल्या एकानं तिला फोन केला. ती म्हणाली, शेजाऱ्यांनी दोघांना अडीच वाजता शाळेच्या माडीवर नेलं, तिथं दुसऱ्या एकाजवळ औषध मिळालं.

म्हणजे निभावलं. आमच्यामुळे नव्हे, शेजाऱ्यांमुळे. आमच्या यादीनं कुणाला वाचवलं असा दावा मी कधी केला नाही. त्या दिवसांत माणसांना वाचवलं ते शेजाऱ्यांनी, जवानांनी आणि होडीवाल्यांनी. पण त्या मुलीनं हाक दिली तेव्हा आमचा पडदा ‘शून्य’ दाखवत होता आणि आम्ही चहा पीत होतो, हे मला अजून विसरता येत नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो आणि माझ्या हाताखालच्या मुलांना तीच शिकवतो. ‘काही नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. मर्यादा लागली, किल्ली नाकारली, दार बंद झालं, तर तुमच्या प्रोग्रॅमनं शून्य दाखवू नये. त्यानं म्हणावं, ‘मला पावणेदोनपासून काही कळत नाही.’ तालुक्याहून माणूस आला नाही, याचा अर्थ तिथं सगळं ठीक आहे असा नसतो. रस्ताच वाहून गेला असेल.

हा धडा फक्त माझ्यासारख्या लहान माणसाचा नाही. २ फेब्रुवारी २०२३ ला ट्विटरनं जाहीर केलं, की आपली फुकट खिडकी बंद होणार. पुढे नवे दर आले. फुकट गटात महिन्याला १,५०० संदेश टाकता येतील एवढीच सोय राहिली. त्यावरच्या गटाला महिन्याला १०० डॉलर, आणि मेमध्ये आणखी वरचा ५,००० डॉलरचा गट आला. कंपनीची खिडकी, कंपनीचे दर. तिचा तो हक्कच होता. पण तोवर कितीतरी सार्वजनिक कामं त्या खिडकीवर विसंबलेली होती. न्यूयॉर्कच्या लोकल गाड्या आणि बस चालवणाऱ्या एमटीए या संस्थेचं उदाहरण घ्या. गाडी उशिरा आहे, मार्ग बदलला आहे, हे ती प्रवाशांना ट्विटरवरून सांगायची. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिची खिडकी मध्येच बंद पडली, तेव्हा या माध्यमावर आता भरवसा ठेवता येत नाही असं म्हणून तिनं ही सूचनासेवा तिथं थांबवली. मे महिन्याच्या सुरुवातीला ट्विटरनं हवामानाचे इशारे, वाहतूक आणि आणीबाणीच्या सूचना देणाऱ्या सरकारी व सार्वजनिक सेवांना खिडकी फुकट ठेवली, आणि त्यानंतर एमटीएही परतली. मधल्या दिवसांत या संस्थेनं एक गोष्ट चांगली केली. गप्प न बसता ‘आता इथं सूचना मिळणार नाहीत, आमच्या संकेतस्थळावर बघा’ असं तिनं लोकांना सांगितलं. ‘काही नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतला फरक तिनं प्रवाशांना कळू दिला.

त्याच वर्षी १ जुलैला तर साध्या वाचकांनाही पाळी लागली. दिवसाला किती संदेश वाचायचे यावरच बंधन आलं. पैसे भरणाऱ्यांना ६,०००, इतरांना ६०० आणि नव्या खात्यांना ३००. पुढे काही तासांतच हे आकडे वाढवले गेले. त्या दिवशी प्रोग्रॅमचा ओ की ठो माहीत नसलेल्या कित्येकांच्या पडद्यावर ‘मर्यादा ओलांडली’ अशी पाटी झळकली. आमच्या धंद्यातल्या लोकांना ती पाटी ओळखीची होती. बाकीच्यांना कळेना, की बातमी नाही की बातमी दिसत नाही.

तर श्रोतेहो, तुम्ही प्रोग्रॅमर नसलात तरी यातून दोन गोष्टी घरी न्या. पहिली, कुठल्याही सोयीसाठी आपला पासवर्ड दुसऱ्याच्या पानावर लिहू नका. मुखत्यारपत्राची पद्धत त्यासाठीच आहे. आणि आपण कुणाकुणाला अशी पत्रं दिली आहेत, त्याची यादी बहुतेक माध्यमांच्या सेटिंगमध्ये बघायला मिळते. एखाद्या रविवारी ती उघडून पाहा. पाच वर्षांपूर्वी गंमत म्हणून ‘तुमचा चेहरा कुठल्या नटासारखा’ असं सांगणाऱ्या ॲपला दिलेलं पत्र अजून चालू असेल. ते रद्द करा.

दुसरी गोष्ट, संकटाच्या वेळी एकाच खिडकीवर विसंबू नका. ती खिडकी कितीही मोठी असली तरी दुसऱ्याच्या घराची आहे. गावातल्या दोन माणसांचे नंबर कागदावर लिहून ठेवा. नियंत्रण कक्षाचा नंबर भिंतीवर लावा. पडदा शांत असला तर एक फोन करून विचारा.

आणि माझ्या धंद्यातल्या तरुण मुलांना एवढंच सांगतो. ४०१ आलं तर किल्ली बदलण्याआधी घड्याळ बघा. ४२९ आलं तर थांबा, आणि किती थांबायचं ते उत्तरातच लिहिलेलं असतं. यंत्र नकार देतं तेव्हा बहुतेक वेळा कारणही देतं. आपल्यालाच ऐकायची सवय नसते.

त्या पुरानंतर महिन्याभरानं मी आजोळी गेलो. शाळेच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं त्याची रेघ अजून होती. मामेभावानं चहा दिला आणि विचारलं, “दादा, त्या रात्री तुमच्याकडं कळत होतं का सगळं?” मी म्हटलं, “एक तास कळत नव्हतं. आणि कळत नाही हेही कळत नव्हतं.”

तो जरा थांबला. म्हणाला, “आमच्याकडं पाटकरी गैरहजर असला तर फळ्यावर लिवून जातोय. पाणी कधी सोडणार ते. तुमच्या मिशनीला फळा नव्हता काय?”

आता आहे. आमच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक लहानशी ओळ असते, ‘शेवटचं उत्तर किती वाजता मिळालं’ ते सांगणारी. आणि घरातलं भिंतीवरचं घड्याळ मी दहा मिनिटं मागे आणून बरोबर लावलं आहे. बायको म्हणते, आता गाडी चुकते.